कोरियन बाप सॅमसंग सोडत नाही, मग त्याची मुलगी का सोडते?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पुण्यात एमबीए करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की टचस्क्रीन फोनच्या बाबतीत कोरियन लोक सॅमसंगला एवढे धरून का असतात, जाहिरातींमुळे, देशप्रेमामुळे की फोन खरंच चांगला असतो म्हणून. आणि हे मोजायला तिने 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असा पाच पर्यायांचा फॉर्म बनवलाय, तो सोलमधल्या ओळखीच्यांना पाठवला तर चालेल का.

फॉर्मपासूनच सुरुवात करतो कारण गाडी तिथेच घसरणार आहे. पाच पर्याय दिले की कोरियन माणूस फार वेळा मधलाच निवडतो. 'बोथोंग' म्हणतात त्याला, म्हणजे ठीकठाक, नेहमीसारखं. मी २००८ ते २०१४ सोलमध्ये एका रिसर्च एजन्सीत होतो आणि आमच्या पहिल्याच मोठ्या सर्व्हेचा तक्ता असा आला की मधोमध एक टेकडी आणि दोन्ही बाजूंना सपाट माळ. क्लायंटने ते बघून विचारलं, लोकांना काहीच वाटत नाही का? वाटतं हो, भरपूर वाटतं, पण अनोळखी माणसाच्या कागदावर टोकाचं मत द्यायची तिथे सवय नाही. तेव्हा पर्याय चार किंवा सहा ठेवा, मधली खुर्चीच काढून टाका.

दुसरी चूक याहून मोठी आणि ती माझी स्वतःची. २०१० च्या शेवटी आम्ही आठ जणांची एक चर्चा घेतली, पलीकडूनच आरपार दिसणाऱ्या आरशामागे क्लायंट बसलेला, आणि मी हुशारी करून सगळ्या वयाचे लोक एकत्र बसवले. त्यात एक अठ्ठेचाळीस वर्षांचे बुजांग होते, बुजांग म्हणजे आपल्याकडच्या भाषेत डिपार्टमेंटचे साहेब. ते पहिले बोलले, की फोन आपल्याच देशाचा बरा, दुरुस्ती होते, बॅटरी बदलता येते, आणि मग बाकी सातही जणांनी माना डोलावल्या. दीड तास माना डोलत होत्या. मी मनात मांडे खात होतो की काय स्वच्छ निकाल आलाय. चर्चेच्या सुरुवातीला सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये काढून ठेवले होते, शेवटी ते परत द्यायला ट्रे उचलला तर आठातले पाच आयफोन! वयाने मोठा माणूस बोलला की धाकट्यांनी मान डोलवायची ही तिथली रीत, त्यांच्या भाषेतली क्रियापदंसुद्धा समोरच्याच्या वयाप्रमाणे बदलतात, आणि हे मला आधी माहीत होतं तरी मी विसरलो. त्या दिवसापासून मी तोंडी उत्तरापेक्षा ट्रे जास्त मानतो.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते असं की कोरियात जिला लॉयल्टी म्हणतात ते एक पोतं आहे, त्यात कंपनीबरोबरचा करार, दुरुस्तीची सोय, पैसे भरायची सोय, घरच्यांचा आग्रह, आपल्या वयाच्या लोकांची टोळी असं बरंच काही कोंबलेलं असतं आणि ब्रँडवरचं प्रेम कुठेतरी तळाला. बाहेरून बघणाऱ्याला फक्त पोतं दिसतं, त्यावर सॅमसंग लिहिलेलं. आत काय आहे ते पोतं फाटलं की दिसतं, म्हणजे फोन बिघडला, कंपनीने हात वर केले किंवा काही लपवलं ते उघडं पडलं की. म्हणून मी तुम्हाला जाहिरातींइतक्याच अपघातांच्या गोष्टी सांगणार आहे.

टच आला कसा ते आधी. आयफोन दुकानात यायच्या आधीच एलजीने प्रादा या इटालियन फॅशनवाल्यांबरोबर फोन काढला, २००७ च्या मे महिन्यात तो कोरियात आला, किंमत ८ लाख ८० हजार वॉन. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारा पडदा, बटणं जवळजवळ नाहीत, काळाकुळकुळीत. मग २००८ च्या मार्चमध्ये सॅमसंगने 'हॅप्टिक' आणला. त्याची जाहिरात मला अजून आठवते, कोरियनमध्ये दोनच शब्द, मतलब असा की स्पर्श कर, ते प्रतिसाद देईल. पडद्यावर बोट ठेवलं की फोन वेगवेगळ्या तऱ्हेने थरथरायचा, बस्स, हीच गंमत विकली. का? कारण आत विकण्यासारखं दुसरं नव्हतं. कोरियात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये 'विपी' नावाची देशी सॉफ्टवेअर प्रणाली असलीच पाहिजे असा नियम २००५ पासून होता, तो उठला १ एप्रिल २००९ ला. तोपर्यंत परदेशी स्मार्टफोनला दार जवळजवळ बंद, आणि देशी टचफोन म्हणजे वरून टच आणि आतून साधा फीचर फोन. त्यामुळे त्या दोन वर्षांत कोरियन माणसाला टच म्हणजे फॅशन एवढंच माहीत होतं आणि मार्केटिंगही तसंच झालं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे 'युनाचा हॅप्टिक'. किम युना ही फिगर स्केटिंगवाली, मार्च २००९ मध्ये लॉस एंजेलिसला २०७.७१ गुण घेऊन जगज्जेती झाली, २०० च्या वर जाणारी पहिली बाई, आणि मे महिन्यात तिच्या नावाचा फोन दुकानात. एखाद्या खेळाडूने फोनची जाहिरात करणं वेगळं आणि फोनचं नावच तिच्या नावाने ठेवणं वेगळं, शाळेतल्या मुली दुकानात जाऊन 'युनाचा द्या' म्हणायच्या, सॅमसंग हा शब्द बोलण्यात यायचाच नाही. दहा लाखांच्या वर खपला. एलजीने त्याच वर्षी 'कुकी' नावाचा स्वस्त टचफोन काढला, 'लॉलीपॉप' नावाच्या घडीच्या फोनसाठी बिग बँग आणि टूएनीवन या दोन गटांकडून गाणंच करून घेतलं आणि ते गाणं फोनपेक्षा जास्त टिकलं.

पण बघा, इथेच एक भोक पडलं जे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. हॅप्टिक, कुकी, लॉलीपॉप, एलजीचाच व्ह्यूटी, ही सगळी नावं दीड-दोन वर्षांत फेकून दिली. लोकांनी प्रेम केलं ते नावावर, आणि नाव गेलं तसं प्रेमही गेलं, ते साठलं कुठेच नाही. सॅमसंगचं 'एनीकॉल' हे जुनं नाव मात्र १९९४ पासूनचं. 'कोरियाच्या डोंगराळ जमिनीत चालणारा फोन' म्हणून त्यांनी ते मोटोरोलाच्या समोर उभं केलं होतं आणि १९९५ च्या मार्चमध्ये गुमीच्या कारखान्यात खराब निघालेले फोन, एकूण दीड लाख यंत्रं, कामगारांच्या डोळ्यांदेखत फोडून जाळली होती. त्या नावावर माझ्या वेळचे साठीतले लोक खरोखर जीव टाकायचे. २०१२ मध्येसुद्धा सर्व्हिस सेंटरात आलेली एक आजी आपल्या गॅलेक्सीला 'माझा एनीकॉल' म्हणत होती, तिला त्या दोन नावांत काही फरकच वाटत नव्हता.

आता पहिला अपघात. आयफोन कोरियात येणार येणार म्हणून इतके महिने चाललं होतं की लोकांनी त्याला 'दामदालफोन' नाव ठेवलं, म्हणजे पुढच्या महिन्याचा फोन, कारण बातमी कायम पुढच्या महिन्याची. शेवटी २८ नोव्हेंबर २००९ ला केटी या मोबाइल कंपनीने तो आणला, जामशिलच्या इनडोअर स्टेडियममध्ये समारंभ करून. सॅमसंगने एक महिना आधीच ऑम्निया २ हा आपला स्मार्टफोन पुढे केला होता. जाहिरातीत त्याच्या गुणांची यादी आयफोनपेक्षा लांब होती, आणि हातात घेतल्यावर तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइल या प्रणालीवर कण्हत चालायचा. लोकांनी त्याचं नाव आणि कचऱ्याचा कोरियन शब्द जोडून 'ओमरेगी' केलं. दोन वर्षांच्या करारावर घेतलेला असल्यामुळे फेकताही येईना. मी तेव्हा अशा बऱ्याच लोकांना भेटलो, ते कागदावर सॅमसंगचे ग्राहक होते, आकडेवारीत निष्ठावान, आणि मनातून शिव्या घालत हप्ते भरत होते. आपल्याकडे म्हणतात ना पदरी पडलं आणि पवित्र झालं, त्यातला दुसरा अर्धा भाग इथे झालाच नाही.

त्याच हिवाळ्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयफोनचा पडदा बोटातल्या विजेवर चालतो, हातमोजा घातला की चालत नाही, आणि सोलचा जानेवारी म्हणजे उणे दहा अंश. देशी टचफोनचे पडदे बहुतेक दाबावर चालणारे, त्यांना हातमोज्याचं काही नाही. तर आयफोनवाल्यांनी शोध लावला की दुकानात मिळणारं प्लास्टिकमधलं छोटं सॉसेज पडद्यावर फिरवलं तर चालतं! लोक खरंच सॉसेज हातात धरून मेसेज टाइप करत होते, पेपरात आलं होतं. मी ते बघून ऑफिसात म्हणालो की जो माणूस सॉसेजने फोन चालवायला तयार आहे त्याच्यासमोर गुणांची यादी ठेवून काही उपयोग नाही. हसले सगळे. पण लॉयल्टीची खूण हीच आहे बरं का, गैरसोय सोसून माणूस काय जवळ ठेवतो ते.

जून २०१० मध्ये गॅलेक्सी एस आला आणि सॅमसंगने माझ्या मते त्यांच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा मार्केटिंग निर्णय घेतला, तो म्हणजे नाव बदलायचं थांबवलं. पहिल्या गॅलेक्सी एसवर कोरियात अजून एनीकॉल लिहिलेलं होतं, पुढच्या वर्षी ते गेलं, पण गॅलेक्सी राहिलं ते आजपर्यंत. वर्षाला एक, आकडा वाढवत न्यायचा, आयफोनसारखाच. कंटाळवाणं वाटतं पण वडिलांना कळतं की माझा चार आहे आणि आता सहा आलाय. एलजीने काय केलं? ऑप्टिमस, मग जी, मग व्ही, २०२० मध्ये वेल्वेट, त्याच वर्षी विंग. दर दोन-तीन वर्षांनी नव्याने ओळख करून द्यायची. माणूस दर भेटीत नवीन नाव सांगायला लागला तर आपण त्याला उसने पैसे देऊ का?

मार्केटिंगच्या पुस्तकात न सापडणारा भाग आता येतो, तो म्हणजे फोन विकतो कोण. कोरियात फोन बनवणारी कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये तीन मोबाइल कंपन्या बसल्यात, एसके टेलिकॉम, केटी आणि एलजी यूप्लस. ऑम्निया २ चीच गोष्ट घ्या, एसकेकडे तो टी ऑम्निया २, केटीकडे शो ऑम्निया, तिसऱ्याकडे ओझ ऑम्निया. एकाच भावंडाची तीन बारशी. घरातल्या सगळ्यांच्या लाइनी आणि इंटरनेट एकाच कंपनीचं घेतलं तर बिलात सूट, वर मेंबरशिपवर बेकरीत आणि सिनेमाला सवलत, त्यामुळे घर कंपनी सोडत नाही, आणि कंपनी ज्या फोनवर जास्त सबसिडी देईल तो फोन घरात येतो. मग सर्व्हेत विचारलं की सॅमसंग का घेतला तर उत्तर येतं 'विश्वास'. कारण 'त्या आठवड्यात तो फुकट होता' असं कोण सांगणार?

ही सबसिडी कशी मिळायची ते बघायला मी सोलमधल्या सिंदोरिमच्या टेक्नोमार्ट या बाजारात तासन्‌तास उभा राहिलोय. नवव्या मजल्यावर फोनच्या टपऱ्यांच्या रांगाच रांगा. तुम्ही जवळ गेलात की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "कितीपर्यंत चौकशी करून आलात?" नवखा माणूस इथेच फसतो, खरा आकडा सांगतो. जाणकार काही बोलत नाही. १ ऑक्टोबर २०१४ पासून सबसिडीवर मर्यादा घालणारा कायदा आला, लोक त्याला दानथोंगबॉप म्हणत, त्यानंतर तर आकडा तोंडाने बोलायचाच बंद झाला, कारण तक्रार करून बक्षीस घेणारे 'फोनपाराझी' गिऱ्हाईक बनून फिरायचे. मग काउंटरवर कॅल्क्युलेटर सरकवला जायचा. विक्रेता आकडा टाइप करणार, गिऱ्हाईक मान हलवून तो पुसून आपला टाइप करणार, दोघंही गप्प, फक्त बटणांचा आवाज. पटलं की रोख. कायदा येऊन जेमतेम महिना झाला होता तोच आयफोन ६ वर एका रात्रीत चोरून एवढी सबसिडी सुटली की थंडीत दुकानांपुढे रांगा लागल्या. जास्त पैसे देऊन बसलेल्याला 'होगेंग' म्हणतात, म्हणजे मामा बनलेलं गिऱ्हाईक, आणि मला कोरियन ग्राहकाची सगळ्यात खोल भीती कुठली विचाराल तर हीच, फोन चुकीचा निघण्याची नाही, होगेंग ठरण्याची. तो कायदा २२ जुलै २०२५ ला रद्द झाला.

(लोकांचा संशय फुकाचा नव्हता. २०१२ च्या मार्चमध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या लबाडीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तिन्ही मोबाइल कंपन्यांना आणि सॅमसंग, एलजी, पँटेक या तिन्ही फोनवाल्यांना मिळून ४५.३ अब्ज वॉनचा दंड केला, कारण किंमत आधी फुगवायची आणि मग सबसिडीच्या नावाने उतरवायची हा उद्योग.)

देशप्रेमाचं काय, हे तुम्ही विचारलंय. आहे, पण वाटतं तसं नाही. १९९८ च्या सुरुवातीला देश कर्जात बुडाला तेव्हा लोकांनी घरातलं सोनं, लग्नाच्या अंगठ्या देशव्यापी मोहिमेत जमा केल्या, ती पिढी आज पन्नाशी-साठी ओलांडून गेलीय आणि तिच्यासाठी देशी फोन घेणं हे साधं कर्तव्य आहे. तीसच्या आसपासच्या माणसाला मात्र देशी कंपनीचा राग जास्त येतो, की आम्ही मोठं केलं आणि आम्हालाच महाग विकतात, अमेरिकेत स्वस्त देतात. परक्याने फसवलं तर माणूस दुकान बदलतो, घरच्याने फसवलं तर भांडतो. मार्च २०२२ मध्ये गॅलेक्सी एस २२ च्या वेळी तेच झालं. फोन तापू नये म्हणून गेम चालू झाला की एक सॉफ्टवेअर आपोआप वेग कमी करत होतं आणि ते ग्राहकाला बंद करता येत नव्हतं. तिथे जी बोंबाबोंब झाली तिचा सूर 'आपल्या माणसाने' असा होता. कोर्टकचेरी झाली, भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली.

आणि याच्या उलट सॅमसंगचाच गॅलेक्सी नोट ७. ऑगस्ट २०१६ मध्ये आला, बॅटऱ्या पेटायला लागल्या, परत मागवला, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरमध्ये बंदच केला. त्या वेळी सगळ्यांनी, आमच्या धंद्यातल्या शहाण्यांनीसुद्धा, सॅमसंगचं श्राद्ध घालून टाकलं होतं. पण एप्रिल २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ चं कोरियातलं आगाऊ बुकिंग दहा लाखांच्या वर गेलं, आणि जुलैमध्ये त्याच नोट ७ चे सुटे भाग वापरून, बॅटरी लहान करून काढलेले 'फॅन एडिशन'चे ४ लाख फोन ६,९९,६०० वॉनला विकले गेले. पेटणारा फोन माफ आणि हळू चालणारा नाही, हे कसं? माझं उत्तर असं की नोट ७ मध्ये कंपनीने चूक कबूल करून पैसे परत दिले आणि बॅटरी तपासून दिली तीही गल्लीतल्या सर्व्हिस सेंटरात, ओळखीच्या काउंटरवर. एस २२ मध्ये माणसाला वाटलं की माझ्यापासून लपवलं. होगेंग केलं.

सर्व्हिस सेंटरचं महत्त्व आपल्याकडे बसून कळत नाही. मघाची आजी सांगितली ना, ती तिथे का आली होती तर 'पडदा दाबला जात नाही'. समोरच्या मुलाने उठून वाकून नमस्कार केला, फोन दोन्ही हातांनी घेतला, पडद्यावरची जुनी फिल्म काढून नवी लावली, नातवाचे फोटो उडालेत का ते बघून दिलं, अक्षरं मोठी करून दिली, पंधरा मिनिटं, पैसे शून्य. आजी बाहेर पडताना मला म्हणाली की मुलगा गावी वर्षातून दोनदा येतो, हा पोरगा केव्हाही असतो. आता बोला, हिला तुम्ही कुठल्या जाहिरातीने आयफोन विकणार? म्हाताऱ्यांना मुलं जो फोन घेऊन देतात त्याला तिथे 'ह्योदोफोन' म्हणतात, ह्योदो म्हणजे आई-बापाची सेवा, आणि मुलगा स्वतः आयफोन वापरत असला तरी आईला गॅलेक्सीच घेतो, कारण बिघडला तर त्याला गावी जावं लागू नये.

परदेशी फोनांची स्मशानभूमी असं कोरियाला म्हणायचे. मोटोरोला, नोकिया, एचटीसी सगळे गाशा गुंडाळून गेले. पण देशीही वाचले नाहीत हे लोक विसरतात. पँटेक ही देशी कंपनी, व्हेगा हा त्यांचा फोन, २०१३ मध्ये ली ब्युंग-हुन या नटाने त्यांच्या धातूच्या फोनच्या जाहिरातीत धीरगंभीर आवाजात 'ठामपणे सांगतो' असा एक शब्द टाकला आणि तो देशभर म्हणीसारखा झाला, लोक जेवणाचं बिल भरतानाही ठामपणे सांगत होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली. जाहिरात सगळ्यांच्या तोंडी, फोन मोजक्यांच्या हाती.

आणि एलजी. सलग २३ तिमाह्या तोटा, एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलं आणि ३१ जुलैला फोनचा धंदा बंद. मला इथे थोडं वाईट वाटतं, लपवत नाही, कारण कोरियन भाषेशी माझी पहिली गाठच रांजणगावला एलजीच्या कारखान्यातल्या मंडळींमुळे पडली होती. संशोधक म्हणून मात्र तो महिना सोन्याचा होता. लाखो 'निष्ठावान' ग्राहक एकदम मोकळे सुटले. बरेचसे सॅमसंगकडे गेले, कारण अँड्रॉइड तेच, मुलांना शिकवावं लागत नाही. ऍपलने कोरियात एलजीचा जुना फोन दिला तर वर दीड लाख वॉन जास्तीचे देऊ केले, आणि ऑगस्टपासून एलजीच्याच दुकानांत आयफोन विकायला लागले! ज्या दुकानात काल व्ही ५० होता त्याच काचेत. व्ही मालिकेच्या ध्वनीसाठी वेडे असलेले थोडे लोक जुने फोन साठवून बसले, तेवढे खरे एलजीवाले. बाकीचे शेजारच्या गल्लीत राहायला गेल्यासारखे सहज गेले.

आता मुलगी. गॅलप कोरियाच्या २०२३ च्या पाहणीत देशभरात ६९ टक्के लोक सॅमसंगवाले होते आणि २३ टक्के आयफोनवाले, पण १८ ते २९ या वयात ६५ टक्के आयफोन. एकाच घरात दोन देश झाले म्हणा ना. अमेरिकेत याचं कारण मेसेजचे निळे फुगे सांगतात, जे फक्त आयफोनवाल्यांच्या आपसातल्या मेसेजना असतात, कोरियात ते लागू नाही, तिथे सगळे काकाओटॉक या व्हॉट्सअॅपसारख्या अॅपवर असतात, त्यात फोन कुठला ते दिसतही नाही. तिथली कारणं वेगळी. वर्गात फोटो एअरड्रॉपने, म्हणजे आयफोनवरून थेट आयफोनवर पाठवायच्या सोयीने, वाटले जातात, ज्याला ते मिळत नाहीत त्याला वेगळे पाठवावे लागतात, आणि वेगळं पडणं ही त्या वयात मोठी शिक्षा. सेल्फीतला चेहरा. २०१८ च्या जानेवारीत सोलमधल्या गारोसु-गिलला ऍपलचं कोरियातलं पहिलं दुकान आलं ते फॅशनच्या गल्लीतच. २०२३ मध्ये न्यूजीन्स या मुलींच्या गाण्याच्या गटाचा एक व्हिडिओ आयफोनवर शूट करून आला. आणि गॅलेक्सीला मुलं 'आजेफोन' म्हणायला लागली, म्हणजे काकालोकांचा फोन. बघा, बापाने जी निष्ठा दाखवली तीच मुलीच्या नजरेत फोनचा दोष झाली. हे कुठलीही जाहिरात उलटवू शकत नाही. सॅमसंगने बीटीएस या गाण्याच्या गटाच्या नावाचा जांभळा फोन काढून बघितला, पण मला वाटतं काम केलं ते घडीच्या फ्लिपने, कारण तो फोन बापाकडे नव्हता. फोल्ड ३ आणि फ्लिप ३ हे दोन घडीचे फोन मिळून २०२१ मध्ये कोरियात ३९ दिवसांत दहा लाख खपले.

पण याच मुलीला ट्रेच्या न्यायाने बघा. कॉन्सर्टला जायचं असलं की ती दोन दिवसांसाठी गॅलेक्सी अल्ट्रा भाड्याने घेते, लांबून स्टेजवरचा चेहरा जवळ आणायला झूम चांगला म्हणून. आयफोन पर्समध्ये, हातात भाड्याचा गॅलेक्सी. ती कुणाशी निष्ठावान आहे? माझ्या मते स्टेजवरच्या पोराशी. आणि तिच्या तिशीतल्या चुलतभावाला विचारलं तर तो सॅमसंग सोडणार नाही म्हणतो, कारणं दोनच, कॉल रेकॉर्ड होतो आणि सॅमसंग पेवर पाकीट न घेता फिरता येतं. २०१५ पासून ते जुन्या कार्ड घासायच्या मशीनवरही चालत होतं, ऍपल पे मार्च २०२३ मध्ये आलं तेही एकाच कार्ड कंपनीबरोबर. आयफोनमध्ये कॉल रेकॉर्डिंगही २०२४ च्या शेवटी आलं. म्हणजे त्याची कारणं एकेक करून संपत चाललीत. तरी तो अजून आहे का हे बघायला मला आवडेल, तुम्ही बघा.

तर तुमच्या फॉर्मचं काय करायचं. 'मी या ब्रँडशी निष्ठावान आहे' हे वाक्य काढून टाका, त्याला कोणीही हो म्हणतं. त्याऐवजी विचारा की हा फोन कुणी निवडला, पैसे कुणी भरले, कराराचे किती महिने राहिलेत, घरात बाकीच्यांकडे कुठला आहे, शेवटचा बिघडला तेव्हा कुठे गेलात आणि काय झालं. वयाप्रमाणे तीन गट वेगळे ठेवा, एकत्र सरासरी काढलीत तर माझ्या बुजांगसाहेबांसारखं होईल. आईला वेगळं विचारा, बऱ्याच घरांत मुलांचा फोन तीच ठरवते. आणि जमलं तर प्रत्येकाकडून फोनच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, उत्तरापेक्षा जास्त कळतं.

मला हे एका पोरीने शिकवलं. २०१९ ला कामासाठी परत गेलो होतो तेव्हा सोलजवळच्या इल्सानला एका घरी बसलो होतो, वडील गॅलेक्सी नोटवाले, मुलगी दहावी-अकरावीच्या वयाची, नुकताच आयफोन मिळालेला. वडील तिला ऐकवत होते की माझा फोन मेट्रोच्या गेटला लावला की गेट उघडतं, तुझ्या एवढ्या महागड्या फोनने उघडतं का? तेव्हा आयफोनवर ती सोय नव्हतीच. मी तिला म्हटलं, खरंच, रोज त्रास होत नाही का. तिने फोन उलटा केला. पारदर्शक कव्हरच्या आत टी-मनीचं बसचं कार्ड सरकवलेलं, आणि कार्डावर तिच्या आवडत्या गायकाचं फोटोकार्ड, बरोबर मापाचं.

"हे लावायला जागा मिळते ना," म्हणाली.